पॅसेजमधलं ट्रम्पेट

"अरे, थुंकतोस काय! गालिचा आहे तो!"

पुण्याच्या स्टुडिओतलं माह्यं पहिलं रेकॉर्डिंग. जॅझच्या अल्बमसाठी रेकॉर्डिंगवाल्या सरनं बोलावलं होतं, तेच वरडले. अन् मी थुंकलो नव्हतो. ट्रम्पेट फुकलं का श्वासाचं पाणी नळीत साचते, खटका दाबून ते सांडा लागते. नांदुऱ्याच्या बँडमधी आमी रस्त्यावरच सांडतो. सवयीनं तिथंबी सांडलं. चूक माह्यीच.

"सर, थुंकी नाई, पाणी हाय," म्या म्हटलं. काचेच्या पल्याडचे सारे हसले. पाण्याले हसले का माह्या बोलण्याले, काय मालूम.

सरनं बाहेर पॅसेजमधी पेपर अंथरला. "तू इथून वाजव. माइक देतो." आतमधी पुण्याचा ट्रॉम्बोनवाला होता. त्याच्याबी नळीतून पाणी पडते. त्याले टॉवेल देला.

मी पेपरवर उभा राह्यलो अन् वाजवलं. सांगाले लाज वाटते, पण वाजवलं.

माह्या बापानं जिंदगीभर लग्नात ट्रम्पेट वाजवलं. वरात मांडवापाशी आली का बँडवाले बाहेर. जेवणाची पत्रावळबी बाहेरच, साऱ्याइच्या मागून. मी चिडलो का बाप म्हणे, "आपला आवाज जाते ना आत? बस झालं."

अल्बम आला तवा बाप नव्हता. लोकायनं नेमकं माह्यंच वाजवणं उचलून धरलं. म्हणे, लय दुरून आल्यावानी वाटते, अंगावर काटा येते. येईनच ना बे! दाराबाहेरून येऊन राह्यलं ते. माह्यानं ते ऐकवत नाई. कानाले लावलं का बाप दिसते, मांडवाबाहेर, काखेत ट्रम्पेट धरून. बाजूले मी, पेपरवर. डोळे मिटले तरी दोघंबी हालत नाई तिथून.

मंग सरनं परत बोलावलं. म्या घरूनच टॉवेल नेला. जाऊन पाह्यतो, तर पॅसेजमधी पेपर अंथरेल होता.

"सर, टॉवेल आणला. आतमधी उभा राह्यतो."

"अरे, बाहेरचाच तर आवाज चालला! आत कशाला?"

बाप आठवला. पह्यल्यांदा त्याचा राग आला, अन् मंग लय रडू आलं. आवाज आत जाते, बाबा. माणूस नाई जात.

म्या पेपर उचलला, घडी केली, सरच्या हातात देला. ट्रम्पेट पिशवीत टाकून निंगालो. काम गेलं. अजून कोनाचा फोन नाई.

नसू दे. जिथं मले आत जागा नाई, तिथं माह्या आवाजालेबी मी जाऊ देत नाई.