न दाखवलेला अंगठा

चुडाव्याच्या येडबाचा पोरगा जीवन विमानतळावर कामाला लागला, तेव्हा गावानं त्याला परस्पर पायलट करून टाकलं. येडबानंही कुणाची चूक कधी दुरुस्त केली नाही. उभा जन्म मेंढरांमागं गेलेल्या माणसाला तेवढी चैन कोण नाकारणार?

खरं तर जीवन हैदराबादेत एका ठेकेदाराकडं होता आणि त्याचं काम जमिनीवरचंच. विमानाची दारं लागली की टग नावाचं बुटकं, जड ट्रॅक्टर विमानाला मागं ढकलतं. तेव्हा कानाला हेडफोन लावून विमानाच्या नाकाखालून चालायचं, पायलटशी बोलत राहायचं. टग सुटला की पुढच्या चाकाजवळची, लाल फीत बांधलेली लोखंडी पिन काढायची, बाजूला जाऊन ती उंच धरायची आणि अंगठा दाखवायचा. वरून पायलट हात हलवतो. मगच विमानानं स्वतःच्या जोरावर हलायचं.

"एवढं धूड माज्या अंगठ्यासाठी थांबतंय बघ," तो बायकोला, शिवकन्येला, सांगायचा.

"घरी तर तुमच्यासाठी दूधबी उतू जायचं थांबंना," ती म्हणायची.

त्या दुपारी विमानाला आधीच उशीर झाला होता. त्यात वारा फिरला आणि टॉवरनं ऐन वेळी धावपट्टी बदलली. कॅप्टन मान खाली घालून नवे आकडे भरत होता, शेजारचा सहवैमानिक रेडिओवर अडकला होता, आणि मागून हवाईसुंदरीचा निरोप आला, की एक प्रवासी उठून उभा राहिलाय, बसायला तयार नाही. या सगळ्या घाईत कॅप्टननं जीवनला हेडफोन काढायला सांगितलं. जीवननं वायर उपसली. टग चालवणारा गोपाळ आपलं ट्रॅक्टर घेऊन बाजूला निघाला.

पिन अडकली होती. जीवन चाकाशी वाकून दोन्ही हातांनी ती ओढत होता. तिथं वाकलेला माणूस वरून दिसत नाही, अंगठ्याचा नियम आहे तो त्यासाठीच. कॅप्टननं मान वर केली आणि ब्रेक सोडला.

इंजिनांच्या आवाजात ओरडणं ऐकू जाणार कुणाला? गोपाळनं वळून पाहिलं, उडी टाकली आणि डोक्यावर हातांची फुली करत तो विमानापुढं धावला. विमान थांबलं. तोवर चाक जीवनच्या उजव्या पायावर चढलं होतं.

गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

कॅप्टन दवाखान्यात आला तो साध्या कपड्यांत. पुण्याकडचा, पन्नाशीचा माणूस. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मग म्हणाला, "जीवन, मी तुमचा अंगठा पाहिला होता. पिनेची लाल फीतसुद्धा पाहिली. पोरांची शपथ घेऊन सांगतो."

"सायेब, पिन निघालीच न्हवती. दोन्ही हात तिच्यावरच व्हते माजे."

"मला दिसला हो तुमचा हात," कॅप्टन म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तो खोटं बोलला असता तर जीवननं त्याला शिव्या घातल्या असत्या. पण तो खोटं बोलत नव्हता. वर्षानुवर्षं तोच अंगठा बघत आलेल्या डोळ्यांनी त्या दिवशीही अंगठा आपला आपणच उभा केला होता. अशा माणसाशी भांडावं तरी कसं, हे जीवनला कळेना. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. शिवकन्येनंच अखेर कॅप्टनला बाहेर नेलं.

चौकशी झाली. कॅमेऱ्याच्या आड नेमका टग आला होता. गोपाळची पाठ होती, त्यानं तसं खरं खरं सांगितलं. कॅप्टनचं लक्ष विचलित झालं होतं, असं ठरलं. पण जमिनीवरून इशारा झाला की नाही, हे नक्की सांगता येत नाही, अशी पुस्तीही जोडली गेली. कॅप्टनला काही महिने घरी बसवलं, पुन्हा शिकवलं, पुन्हा उडवलं. एका पायाच्या माणसाला विमानाजवळ काम देता येत नाही, असं ठेकेदार म्हणाला.

जीवन शिवकन्येला घेऊन चुडाव्याला परतला. एकदा गोपाळचा फोन आला.

"आज त्या कॅप्टन सायबांचं विमान मीच ढकललं."

"काय म्हणाले?"

"कायबी न्हाई. अंगठा दावल्यावर हात हलवला."

गावात ज्याला त्याला कारण माहीत होतं. मोबाईल बघत असंल. डुलकी लागली असंल. पायलट होता न्हवं, मग खाली कशाला उतरला? जीवन आधी सगळ्यांना समजावून सांगायचा. पिन, टग, हेडफोन. लोक मान डोलवायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. ते त्यानं सोसलं. मग एकदा मेंढरांना पाणी पाजता पाजता येडबानं हळूच विचारलं, "लेका, चुकून केला तर न्हवतास ना हात वर?"

जीवननं कुबडी घेतली आणि घरात गेला. बरेच दिवस तो बापाशी बोलला नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला आपला अंगठा वर झालेला दिसायला लागला, लाल फितीसकट, अगदी कॅप्टननं सांगितला तसा.

आता तो बापाबरोबर ताडकळसच्या बाजाराला मेंढरं घेऊन जातो, पोत्यावर बसून भाव बोलतो. परवा जिंतूरकडच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "पाय कशानं गेला, पाव्हणं?"

"रेल्वेत," जीवन म्हणाला.

गिऱ्हाईक चुकचुकलं, पुढं काही विचारलं नाही आणि मेंढराचे दात बघायला लागलं. येडबा शेजारीच बसला होता. त्यानं ऐकलं आणि खाली बघत दोरीचा पीळ सोडवत राहिला.