दहा नवे संगणक

आमच्या कॉलेजातले पहिले चार संगणक दुसऱ्या कुणालातरी नकोसे झाले होते. पुण्याकडच्या एका कारखान्याने ते काढून टाकले आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी देणगी म्हणून पदरात पाडून घेतले. कडेगावपासून थोड्या अंतरावर, उसाच्या रानांना लागून ते कॉलेज होतं. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. मी वाईची, नुकती पदवी घेतलेली, आणि त्या पंचक्रोशीत संगणक शिकवायला लागलेली पहिलीच बाई. पदवीच्या तीन वर्षांत मी प्रत्यक्ष संगणकावर किती तास बसले होते, हे मुलाखतीत कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

मला संगणक खरा शिकवला तो आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने. सैन्यातून, सिग्नलच्या म्हणजे बिनतारी संदेशांच्या पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. शेजारच्याच गावचे, घरी चार एकर ऊस आणि दोन म्हशी. सगळे त्यांना हवालदार म्हणत, मी काका म्हणायचे. कागदावर त्यांचं काम खोली झाडायची आणि कुलूप लावायचं. पण त्या चार यंत्रांना रोज सकाळी उठवायचं काम त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे.

त्यांची हत्यारं म्हणजे एक पेचकस, एक खोडरबर आणि सरकारी दवाखान्यातून आणलेली स्पिरिटची बाटली. मेमरीची पट्टी दगा द्यायला लागली की ती काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं आणि परत बसवायची. पंखा कुरकुरला की शिवणाच्या मशीनचं तेल. आतली बॅटरी मेली तेव्हा त्यांनी टॉर्चचे तीन सेल दोऱ्याने बांधून बाहेर लटकवले आणि तारा आत सोडल्या. तो संगणक सलाइन लावलेल्या पेशंटसारखा दिसायचा, पण तारीख अचूक सांगायचा. एवढी खटपट कशाला करता, असं मी एकदा विचारलं.

"मॅडम, आमच्या पलटणीत सेट फेकायचा म्हटलं की साहेबाची सही लागायची," ते म्हणाले. "सही मागायला जाण्यापरीस दुरुस्त करणं सोपं व्हतं."

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एकेका संगणकावर चार-चार मुलं. एक टंकायचा, तिघं चुका काढायचे. वर्षभरात ती मुलं माझ्या पुढे गेली, आणि हे मला दिवाळीच्या आसपासच कळून चुकलं होतं.

मग कराडकडच्या कुठल्याशा संस्थेने वातानुकूलित संगणक कक्ष उघडला. उद्घाटनाला आमच्या अध्यक्षांना निमंत्रण होतं. ते गेले, जेवले आणि आजारी पडल्यासारखे परत आले. दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत आले, टॉर्चच्या सेलांकडे बराच वेळ बघत राहिले आणि हे काय आहे म्हणून विचारलं. काकांनी सावधानमध्ये उभं राहून बॅटरी असल्याचं सांगितलं. अध्यक्ष निघून गेले. आठवड्याभरात ठराव झाला, दहा नवे संगणक घ्यायचे.

मी धीर करून त्यांच्याकडे गेले. दोनच नवे घ्यावेत, चार जुने अजून सहज चालतील, त्यांच्यासाठी थोडे सुटे भाग आणि एक चांगला स्टॅबिलायझर घेतला तर मुलांना सहा यंत्रं मिळतील, असं मी कागदावर मांडून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला. माझ्यावर रागावले नाहीत, उलट दया आल्यासारखं बघितलं.

"मॅडम, पाहुणे आल्यावर त्यांना मी काय दाखवू? स्टॅबिलायझर?"

मी कागदाची घडी घालून परत आले.

नवे संगणक टेम्पोतून आले. पुढे हलगी होती. विक्रेता म्हणजे अध्यक्षांच्या साडूंचा जावई. बूट चकचकीत, बोलण्यात दर वाक्याला एकविसावं शतक. दहाही संगणकांना हळदीकुंकू लागलं, पहिल्यासमोर नारळ फुटला आणि पाणी कळफलकावर उडालं, ते काकांनी आपल्या रुमालाने टिपून घेतलं. पाहुण्यांनी एक कळ दाबली आणि पडद्यावर सप्तरंगात 'सुस्वागतम्' उमटलं. टाळ्या पडल्या. विक्रेत्याला शाल आणि श्रीफळ. उरलेले नऊ चालू करून बघण्याचं कुणाला सुचलं नाही. नवरीला पसंत केल्यावर तिच्या मैत्रिणींना चालून दाखवा असं कोण म्हणतं?

जाताना विक्रेत्याने मला बाजूला घेऊन प्रत्येक डब्याच्या मागचं कागदी सील दाखवलं. ते फाटलं की हमी संपली, असं त्याने बजावलं. अध्यक्षांनीही ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्या बोटभर कागदाला देवाच्या पादुकांचा मान मिळाला. संगणकांना मखमलीच्या मरून खोळी शिवल्या, त्यावर जरीत संस्थेचं बोधचिन्ह. खोलीत चपला बंद. एसी बारा महिने चालू. किल्ली अध्यक्षांच्या खिशात. मुलांना काचेतून बघायची परवानगी होती, दहा-दहाच्या तुकडीने, ओळीत. मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला घेऊन गेले तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे संगणक करतात काय?"

"थंड राहतात," मी म्हणाले.

ते अध्यक्षांच्या कानावर गेलं. मला समज मिळाली.

जुने चार संगणक खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले. एका बाजूला लेझमा, दुसऱ्या बाजूला फाटकी व्हॉलीबॉलची जाळी, मधे आम्ही. शिकवणं तिथेच चालू राहिलं. संस्थेच्या माहितीपत्रकावर मात्र मखमलीच्या खोळी छापल्या आणि त्यांच्या जोरावर पुढच्या वर्षी प्रवेश दुप्पट झाले.

थंडीत विद्यापीठाचं पत्र आलं. नव्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची का ते ठरवायला समिती येणार होती, आणि विद्यार्थी संगणकावर प्रात्यक्षिक करताना तिला बघायचे होते. आता खोळी काढणं भाग होतं. अध्यक्षांनी तीन दिवस आधी किल्ली माझ्या हातात दिली, ती देताना त्यांची बोटं सुटत नव्हती.

त्या सकाळी काकांबरोबर त्यांचा मेव्हणाही आला होता. तो विट्याचा. दूर तमिळ मुलखातल्या कुठल्याशा शहरात त्याचं गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे जुन्या दागिन्यांतून, सोनारांच्या कचऱ्यातून सोनं गाळून काढायचं. जत्रेसाठी गावी आलेला, आणि कॉलेजात जुने संगणक पडून आहेत असं ऐकून चौकशीला आलेला. संगणकाच्या आत सोनं असतं हे मला तेव्हा त्याच्याकडून कळलं. इतके दिवस आम्ही खोडरबराने सोनं घासत होतो तर. काकांनी मात्र त्याला लगेच सांगून टाकलं, की ते चारही जिवंत आहेत आणि जित्या जनावराचं कातडं मागू नये.

आम्ही पहिला संगणक लावला. उद्घाटनाचा. छान चालला. दुसरा लावला. पडदा काळाच राहिला आणि आतून आवाज आला, एक लांब आणि दोन आखूड. काकांचा हात खोळीची घडी घालता घालता थांबला. सिग्नलमधल्या माणसाचा कान तो.

"ह्यो आवाज आपल्या घरातला हाय, मॅडम. आपला तीन नंबर असाच वरडतोय."

तिसरा चालू झाला, पण पडद्यावर मेमरीची मोजणी सुरू झाली ती आमच्या जुन्यांच्याही आधी संपली, म्हणजे मेमरी त्यांच्याहूनही कमी. चौथा मुकाच. मला वाटलं, मीच काहीतरी चुकते आहे. मी तारा तपासत बसले. तेवढ्यात मेव्हण्याने खिशातला टॉर्च काढला, डब्याच्या मागच्या फटीतून आत उजेड टाकला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"दाजी, हे नवं न्हाई," तो म्हणाला.

तुला संगणकातलं काय कळतं, असं काकांनी त्याला विचारलं.

"संगणकातलं न्हाई कळत. सोन्यातलं कळतंय." मग तो माझ्याकडे वळला. "आवं मॅडम, जुन्या मालाला सोनं जाड असतंय. आताच्या मालाला नुसता वास देत्यात सोन्याचा. आतल्या पट्टीवरचं ह्ये सोनं लय जुनं हाय."

सील फाडल्याशिवाय खात्री होणार नव्हती. काकांनी पेचकस हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. आयुष्यभर सहीशिवाय काही उघडलं नव्हतं त्यांनी. शेवटी ते सील मी फाडलं.

आत धूळ होती. नुकती बसलेली नव्हे, थर धरलेली. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्याचं वाळकं कवच होतं. आणि मुख्य पाटीच्या कडेला पांढऱ्या रंगाने, सरकारी वळणाच्या अक्षरात, कुठल्याशा कार्यालयाचा जडसंग्रह क्रमांक, म्हणजे त्यांच्या सामानाच्या नोंदवहीतला आकडा, लिहिलेला होता. काकांनी खिशातून चष्मा काढून तो दोनदा वाचला. मग आम्ही बाकीचे आठही उघडले. नऊच्या नऊ तसेच. बाहेरचा डबा कोरा, पडदा कोरा, आतली आतडी कुणीतरी टाकून दिलेली. दोन-तीन तर आमच्या चार म्हाताऱ्यांपेक्षा वयाने मोठे निघाले.

मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं. आम्ही जुन्याला उघडपणे जुनं म्हणून चालवत होतो, तर आम्हाला लेझमांच्या खोलीत टाकलं. एकाने तेच काम गुपचूप केलं, वरून खोळ घातली, तर त्याला शाल मिळाली.

मी तशीच अध्यक्षांकडे गेले. ते संस्थेच्या कार्यालयात एकटेच पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. जडसंग्रह क्रमांक सांगितला, पालीचं अंडं सांगितलं. त्यांना हे आधीच माहीत होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. चेहरा पडला खरा, पण लगेच सावरला. पेपरची घडी घालून त्यांनी बाजूला ठेवली.

"हवालदारांना दुरुस्त करता येतील?"

बहुतेक येतील, मी म्हणाले.

"मग चालतील ना?"

"चालतील. पण ते नवे नाहीत, साहेब."

"मॅडम, चालले की नवेच."

विक्रेत्याचं काय, असं मी विचारलं. ते घरातलं प्रकरण आहे, आपण बघून घेऊ, असं त्यांनी सांगितलं, आणि मला चहा मागवला. मी तो प्याले. हे लिहिताना जरा जड जातं, पण प्याले.

पुढचे अडीच दिवस आम्ही नऊ मढी उठवली. आमच्याकडे सुटे भाग कुठून असणार? एकच जागा होती. काकांनी खेळाच्या खोलीतले चारही उघडले आणि एकेक भाग काढून नव्यांच्या पोटात घातला. मेमरीच्या पट्ट्या, पडद्याची कार्डं, फ्लॉपीचे खण. खोडरबराचे तीन तुकडे झिजून संपले. मेव्हणाही थांबला. जत्रा सोडून तो पट्ट्या घासत बसला होता, आणि प्रत्येक पट्टी परत देताना एकदा उजेडात धरून बघत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दहाही पडदे लागले. काका दारात जाऊन उभे राहिले आणि तंबाखू मळत त्यांच्याकडे बघत राहिले. मी एवढंच म्हटलं, की तुमच्यामुळे झालं. ते म्हणाले, आपले चार मात्र गेले.

समिती आली. चपला काढल्या, एसीचं कौतुक केलं, पेढे खाल्ले. मुलांना बसवलं. आमची मुलं त्या यंत्रांवर अशी बसली जणू वर्षभर त्यांच्यावरच शिकली होती, आणि आतून पाहिलं तर ते खरंही होतं. काचेतून बघून 'हे करतात काय' विचारणारी ती मुलगी समितीच्या प्रमुखांना त्यांच्याच प्रश्नातली चूक दाखवून गेली. प्रमुख खूश. त्यांनी अहवालात लिहिलं, की अद्ययावत संगणकांमुळे ग्रामीण विद्यार्थ्यांची प्रगती थक्क करणारी आहे, आणि जुने संगणक असल्यास त्यांची विनाविलंब विल्हेवाट लावावी. मग तो कागद माझ्याकडे सरकवला. विभागप्रमुख म्हणून दहा नवे संगणक कार्यरत असल्याची सही मला करायची होती. अध्यक्ष समोर बसले होते. दारात काका उभे होते, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मी सही केली. मान्यता गेली असती तर साठ मुलांचं वर्ष गेलं असतं, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण माझी नोकरीही गेली असती, आणि हे कारण मला आधी आठवलं होतं.

विल्हेवाटीचा ठराव लगेच झाला. मेव्हणा जाण्याआधी चार डबे न्यायला आला. उचलून पाहिले तर हलके. आत काहीच नव्हतं. तो पायरीवर बसून इतका हसला, की म्हशी घेऊन चाललेल्या बाया थांबून बघायला लागल्या. एक डबा मात्र त्याने नेला, कोंबड्यांच्या खुराड्याला होईल म्हणून.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाईला गेले. वडील शाळेतून निवृत्त झालेले, गणपतीच्या घाटावर त्यांची रोजची बैठक. तिथे त्यांनी माझी ओळख करून दिली, हिच्या कॉलेजात सगळे नवे संगणक आहेत म्हणून. कुणीतरी विचारलं, किती?

"दहा," मी म्हणाले.