नंबराचं टोक

ते तीन दिवस मला आजही तासागणिक सांगता येतील. परळच्या एका सरकारी प्रसूतिगृहातून दोन दिवसांची मुलगी चोरीला गेली होती. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलिसात होता, ड्युटीवर वारला, त्याच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं. कलमं मी पाठ करून शिकले. माणसं मात्र आधीपासून कळत होती.

बाळाची आई करी रोडची, पहिलटकरीण. दुपारी भेटीच्या वेळेत साध्या साडीतली एक बाई आली, 'सिस्टरने वजनाला मागवलंय' म्हणाली आणि बाळ घेऊन गेली. कॅमेऱ्यात ती दिसली, पण तोंडाला मास्क. बाळ गुंडाळलं होतं इस्पितळाच्या पांघरुणात. पांढरं फ्लॅनेल, कडेला गुलाबी आणि निळे पट्टे.

मोठ्या साहेबांनी सगळ्या ठाण्यांना पांघरुणाचं वर्णन कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खाली ठेवता येईना. लालबागला तेच पांघरूण, वरळीला तेच. आमच्या भागातली निम्मी पोरं त्याच पांघरुणातून घरी जातात. सिस्टर ओरडत राहते आणि आजी ते पिशवीत कोंबते. एका घरात तर ते शिलाई मशीनवर झाकलेलं सापडलं. साहेब कंटाळून म्हणाले, "बाई, आता माझ्या घरीही झडती घ्या. माझ्या मुलाचं अजून कपाटात आहे."

मी वॉर्डात जाऊन बसले. जबाब बहुतेक झाले होते, पण लोक जबाबात विचारलं तेवढंच सांगतात. एक जुनी आया बाळं गुंडाळत होती. प्रत्येक वेळी ती पांघरुणाची टोकं अंगठ्याने चाचपायची आणि एक टोक पायाकडे घ्यायची. मी कारण विचारलं. ती म्हणाली, लॉन्ड्रीवाले एका टोकाला काळ्या शाईचा नंबर मारतात. तिथे कापड कडक होतं आणि बाळाच्या गालाला घासतं. शिवाय पाळी बदलताना पांघरुणं मोजायची असतात. नंबर पायाकडे असला की बाळाला उठवावं लागत नाही.

"बाकीच्या इस्पितळात असंच करतात?" मी विचारलं.

"त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्या मोठ्या सिस्टरने लावलेली शिस्त आहे ही. नवीन आयेचा हात बसेपर्यंत बोलणी खावी लागतात."

पलीकडच्या खाटेवर ती आई वाटीत दूध पिळून काढत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबू नकोस. मला बघून तिने एकच विचारलं, "बाळ मिळेपर्यंत माझं दूध राहील ना हो?" मी खोटा धीर देत नाही. म्हटलं, "तू तुझं काम चालू ठेव, मी माझं ठेवते."

खबर तिसऱ्या दिवशी सकाळी आली. आमच्या पोलीस ठाण्याजवळच्या बाजारात बसणारी कोळीण माझ्या ओळखीची. राहायला कफ परेडच्या मच्छीमार नगरात. तिने मला हाक मारून जवळ बसवलं.

"बाय, माज्या शेजारनीला पोर झालाय. गावाला झाला म्हनते, मालवनला. चार दिसांच्या बालंतिनीला कोन आई एकटीला गाडीत बसवल? आन आल्या आल्या दोन हंडे पानी भरते. मी चार पोरं काढलीत, मला नको शिकवू."

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, अशा चाळीस खबरा पडल्यात. पण जाऊ दिलं. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून आधी तिथे डायरीत नोंद केली आणि त्यांची एक महिला शिपाई सोबत घेतली. तिला दाराबाहेर उभं केलं. मी साध्या साडीत, कोळिणीची ओळखीची म्हणून बाळ बघायला आत गेले.

बाई तिशीची होती. खोली स्वच्छ. बाळ दुकानातून आणलेल्या कोऱ्या गुलाबी ब्लँकेटात. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नाहीत, जुन्या लुगड्याची दुपटी असतात. इथे एकही दिसलं नाही. तरी तेवढ्यावरून कुणाला अटक करता येत नाही. मी चहा घेतला आणि बसून राहिले.

अर्ध्या तासाने बाळाने ओलं केलं. बाईने दुसरं ब्लँकेट काढलं, तेही कोरं, दुकानाची घडी न मोडलेलं. ते पसरलं आणि अंगठ्याने एक टोक चाचपलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. कोऱ्या कापडावर नंबर कुठून असणार? हात क्षणभर थांबला, मग तिने एक टोक धरून पायाकडे वळवलं.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "नंबर शोधतेस?"

"सवय," ती म्हणाली.

बाळ गुंडाळून होईपर्यंत तिला कळलं नाही आपण काय बोललो. कळल्यावर ती खाली बसली. मी शिपाई मुलीला आत बोलावलं.

ठाण्यात तिला समोर बसवलं. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "तिकडे ती बाई अजून वाटीत दूध काढतेय." मग बोलली. परळच्या त्याच वॉर्डात काही वर्षं कंत्राटावर आया होती. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं, ते घरी सांगितलं नाही. नवरा बोटीवर, सासरचे बारशाला येणार. तिचं दुःख खरं होतं. करी रोडच्या बाईचं मूलही खरं होतं. मी जबाब लिहून घेतला.

पंचनाम्यात ट्रंकेतून इस्पितळाचं पांघरूण निघालं. तिने ते फेकलं नव्हतं. धुऊन, वाळवून, लॉन्ड्रीत परत देतात तशी नंबर वर ठेवून घडी घातली होती. नंबर त्याच वॉर्डाचा. बाळाच्या पायाचा ठसाही केसपेपरवरच्या ठशाशी जुळला.

संध्याकाळी मी मुलगी वॉर्डात नेली. बायका खाटांवरून उठून उभ्या राहिल्या. सगळ्या बाळाकडे बघत होत्या. आईने तिला छातीशी घेतलं. मुलगी एकदा चुकली, दुसऱ्यांदा धरून प्यायला लागली. घोट गिळल्याचा आवाज मला खाटेच्या पायथ्याशी ऐकू आला. मग वॉर्डात जो गलका झाला तो सिस्टरलाही आवरता आला नाही. साहेबांनी फोनवर विचारलं, काय चाललंय तिथे? मी म्हटलं, "जेवण."

या गुन्ह्याने मला एक शिकवलं. आम्ही वस्तू शोधत होतो, आणि ती वस्तू घरोघरी होती. माणूस तोंडाने काहीही सांगतो, पण जे काम वर्षानुवर्षं केलं ते हात विसरत नाहीत. त्यानंतर मी संशयितासमोर बसले की आधी त्याला काहीतरी करायला द्यायची.

पांघरूण मुद्देमाल म्हणून आमच्या खोलीत पडून राहिलं. निकाल लागला, शिक्षा झाली आणि कोर्टाने ते इस्पितळाला परत द्यायला सांगितलं. मी स्वतः घेऊन गेले. मोठी सिस्टर निवृत्तीला आली होती. तिने मला ओळखलं, पण आधी नंबर बघितला, वहीत टिक केली आणि पांघरूण धुण्याच्या ढिगात टाकलं.

"एक कमी भरत होतं," ती म्हणाली. "बरं झालं आणलंत."