राळेगाव गाडीचा संघ

खेळ माणसाला पराभवाकडे सरळ नजरेनं पाहायला शिकवतो, आणि जो पराभवाकडे सरळ पाहू शकतो त्यालाच विजयाचा अर्थ कळतो. हे वाक्य आमच्या प्राचार्यांनी सलग दोन वर्षं स्नेहसंमेलनात उच्चारलं आणि दोन्ही वर्षं त्याला टाळ्या पडल्या. वाक्य मी लिहून दिलं होतं. यवतमाळच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, तिथे भाषणं लिहिणं हे ग्रंथपालाचंच काम समजतात. पुस्तकं त्याच्याकडे असतात, आणि ती मागायला फारसं कोणी येत नसल्यामुळे वेळही त्याच्याकडेच असतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पराभवाकडे सरळ पाहायची पाळी खुद्द प्राचार्यांवर आली. तेव्हा त्यांनी प्रशिक्षक बदलला.

खेळ होता लॅक्रॉस. हातात एक काठी, काठीच्या टोकाला जाळीचा खिसा, त्यात रबरी चेंडू झेलायचा, पळायचं आणि समोरच्या गोलात फेकायचा. आमच्या जिल्ह्यात हा खेळ कोणी मागितला नव्हता. प्राचार्य एका बैठकीहून परतले ते हा शोध घेऊनच: कबड्डीत आणि खो-खोत आपला नंबर या जन्मी लागत नाही, पण लॅक्रॉसमध्ये मुलींचे संघच नाहीत. पुढेमागे मूल्यांकन समिती येणार होती आणि तिला दाखवायला एखादं पदक हवं होतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आलं म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि ते शेवटपर्यंत वाचलेला एकमेव माणूस म्हणून मला क्रीडा समितीचा सचिव करण्यात आलं. मी आयुष्यात पळालो असेन तर एस.टी.च्या मागे.

संघ उभा करायचं काम आमच्या क्रीडा संचालकांवर आलं. ते जुने खो-खोवाले, दोन्ही गुडघे गेलेले, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. कॉलेज सुरू झाल्याच्या आठवड्यात त्यांनी फाटकाशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्या मुलींना थांबवायला सुरुवात केली. मी वही घेऊन शेजारी उभा होतो. उंची, वजन, धावण्याची वेळ यांचे रकाने मी आदल्या दिवशी आखून ठेवले होते.

"कोन्या गाडीनं येतं वं तू?"

"नेरच्या, सर."

"जाय वर्गात. अन् तू?"

"राळेगाव गाडीनं."

"इकडं उभी राय."

तासाभरात राळेगाव गाडीच्या चौदा मुली भिंतीशी उभ्या होत्या आणि माझे रकाने कोरे होते. मी त्यांना विचारलं, ही निवड झाली की प्रवासी गणना.

"भाऊ, राळेगाव गाडी पावणेसहाले सुटते," ते म्हणाले. "सगळ्या त्याच गाडीच्या असल्या तं साडेपाचपावतर सराव होते. एक नेरची, एक दारव्ह्याची, एक आर्णीची घेतली तं चार वाजल्यापासून कोनी ना कोनी घड्याळ पाहात रायते. अन् एकटी पोरगी अंधारात उतरली तं बाप दुसऱ्या दिवशी पाठवत नाही. बारा जणी एका गाडीत असल्या तं कोनी काही म्हनत नाही. पळनं काय, मी शिकवतो."

गुणवत्ता या विषयावर मी बरंच वाचलं आहे. एस.टी.च्या वेळापत्रकावर उभी केलेली तिची व्याख्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक व्याख्यांपेक्षा ती टिकाऊ निघाली. चौदांतल्या दोघी लग्न होऊन गेल्या. उरलेल्या बारा जणींपैकी दोन वर्षांत एकीनंही सराव चुकवला नाही, कारण एकीनं चुकवला तर घरी अकरा जणी सांगणार. काठ्या त्या सोबतच नेत. गाडीत पहिले काही दिवस लोक विचारत, "काहून वं पोरीहो, मासोया धराले चालल्या काय?" मग लोकांनी विचारणं सोडलं. कंडक्टर मुली मोजून घंटी मारायचा, आणि एखादी कमी भरली तर दोन मिनिटं तिकिटांच्या मशीनशी उगाच खटपट करत बसायचा.

त्या बारा जणींत एक गोलरक्षक होती. हिच्याबद्दल मला मुख्यतः सांगायचं आहे.

तिची निवडही गाडीतच झाली. क्रीडा संचालक सर एका मुलीच्या वडलांना समजवायला त्या गाडीनं गेले होते. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि वरच्या रॅकवरून कोणाचा तरी स्टीलचा डबा सुटला. सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या. हिनं हात वर करून डबा धरला आणि ज्याचा होता त्याला दिला. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "त्या पोरीनं डोये नाई मिटले. तिले गोलात उभी करतो." नियमपुस्तकात गोलरक्षकावर तीन पानं आहेत. त्यांचा सारांश एवढाच निघतो.

ती ग्रंथालयात येणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी होती. वडील जिनिंगमध्ये हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. ती पोलीस भरतीची पुस्तकं वाचायची, तीही एकच पुस्तक पुन्हा पुन्हा, कारण आमच्याकडे एकच होतं. एकदा मी तिला विचारलं, या खेळात तुला काय आवडतं. भाषणासाठी एखादं वाक्य मिळेल असा माझा हिशेब होता.

"आवडासाठी नाही खेळून राह्यली सर," ती म्हणाली. "भरतीत खेळाडूच्या जागा वेगळ्या रायतात. राज्याच्या स्पर्धेचं पदक पाह्यजे. मागच्या भरतीत मी दोन मार्कानं राह्यली."

"आणि पदक नाही मिळालं तर?"

"तं मंग दोन मार्क कुठून तरी आणा लागतीन."

हे भाषणात बसणारं नव्हतं.

राज्य स्पर्धेला जायचं तर विभागात एकच सामना जिंकावा लागे. समोर संघही एकच होता, शेजारच्या जिल्ह्यातला. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला लोळवलं. दुसऱ्या वर्षी आम्ही एका गोलनं हरलो. सामना संपल्यावर समोरच्या मुली येऊन आमच्या गोलरक्षकाशी हात मिळवून गेल्या. परत येताना सर खिडकीशी बसून म्हणाले, "औंदा एकानं. पुढच्या साली पाहा तुम्ही." मीही तसंच धरून चाललो होतो. तिचं ते शेवटचं वर्ष असणार होतं.

उन्हाळ्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. सरांची "अनुभवाचा व्यापक उपयोग व्हावा म्हणून" शिस्त समितीवर नेमणूक झाली होती. शिस्त समितीचं काम म्हणजे दुचाक्या ओळीत लावून घेणं. त्यांच्या जागी नागपूरहून कंत्राटावर एक तरुण प्रशिक्षक आला. त्याच्या ट्रॅकसूटवर पाठीमागे "हेड कोच" असं छापलेलं होतं. असिस्टंट कोणी नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवली: बाण, वर्तुळं, एक पिरॅमिड. पिरॅमिडच्या टोकावर "एक्सलन्स" होतं आणि पायाशी "टॅलेंट पूल". राळेगाव गाडी कुठेच नव्हती.

"आपण आतापर्यंत सिलेक्शन करत होतो," तो म्हणाला. "आता रिक्रूटमेंट करू."

रिक्रूटमेंट म्हणजे काय ते जुलैत कळलं. कुठल्या कुठल्या शहरांतून हॉकीच्या, हँडबॉलच्या तयार खेळाडू आल्या. त्यांना कला शाखेत प्रवेश मिळाला आणि वसतिगृहात खोल्या मिळाल्या. त्यांतली एक हॉकीची गोलरक्षक होती, सहा फुटांच्या आसपास. वर्गात ती कोणाला दिसली नाही, ओळखपत्रासाठी ग्रंथालयात आली तेव्हा तिनं मला विचारलं, "सर, ये कौनसा कॉलेज है, पूरा नाम?" मी लिहून दिलं.

जुन्या मुलींना कोणी काढलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर झालेल्या प्रत्येक चर्चेत प्राचार्यांनी ते मुद्दाम सांगितलं. फक्त सरावाची वेळ बदलली. सूचना मीच टाइप केली: सर्व खेळाडूंच्या सोयीसाठी लॅक्रॉसचा सराव यापुढे सायंकाळी सहा वाजता सुरू होईल. खाली सही, सचिव, क्रीडा समिती. मैदानावर दिवे लागले होते, आणि नव्या मुली वसतिगृहातून दोन मिनिटांत येत होत्या. गाडी पावणेसहालाच सुटत होती. त्या आठवड्यात अकरा मुलींनी काठ्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या, क्रीडा कक्षाला कुलूप होतं म्हणून. एकीनं तेवढं विचारलं, "सर, पावती भेटन काय?"

बारावी आली नाही. ती यवतमाळात मावशीकडे राहायला गेली होती. मावशीची खोली एक, माणसं पाच, त्यात ही सहावी. सहाच्या सरावाला ती पावणेसहाला हजर असायची. नवा प्रशिक्षक तिला गोलामागे चेंडू गोळा करायला उभी करी. कधी उंच मुलीचा पाय दुखला की तिला गोलात उभं राहायला मिळे, आणि त्या दिवशी शिस्त समितीचे सर दुचाक्या सोडून कुंपणाशी येऊन थांबत.

राज्य स्पर्धेची यादी नोव्हेंबरात माझ्याकडे सहीला आली. बारा नावं. तिचं नव्हतं. मी यादी दोन दिवस खणात ठेवली. माझ्या आयुष्यातलं बंड एवढंच. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली.

"सर, यादीवर तुमची सही लागते ना?"

"लागते. पण ती तांत्रिक असते. निवड प्रशिक्षक करतात."

"तुमी सही नाही केली तं यादी जात नाही?"

"मी नाही केली तर दुसऱ्याला सचिव करतील. मग तो करेल."

तिनं मान हलवली. समजल्यासारखी, पटल्यासारखी नाही. हातातलं भरतीचं पुस्तक परत केलं आणि गेली. संध्याकाळी स्टँडजवळच्या टपरीवर मी हे सगळं सरांना सांगितलं. सही तांत्रिक असते, हेही सांगितलं. ते बशीत चहा ओतत होते.

"तांत्रिक रायते तं मंग करू नोका," ते म्हणाले.

"उपयोग नाही सर."

"मी उपयोगाचं कुठं म्हनतो?"

मी सकाळी सही केली. मला नोकरी होती, प्राचार्य वाईट मनुष्य नव्हते, आणि एका खेळाडूवर अन्याय झाला तरी दुसऱ्या बारा जणींना न्याय मिळतच होता, असा एक युक्तिवाद मी रात्रीतून तयार केला होता. तो चांगला होता. भाषणात चालला असता.

विभागातला सामना त्या वर्षी झालाच नाही. शेजारच्या जिल्ह्यातला संघ आला नाही आणि आम्हाला पुढे चाल मिळाली. म्हणजे राळेगाव गाडी असती तरी ती पोचलीच असती. सामना न खेळता जिंकायला हॉकीची गोलरक्षक लागत नाही. राज्य स्पर्धेला मी व्यवस्थापक म्हणून गेलो. उंच मुलगी चांगली खेळत होती, पण चेंडू तोंडाकडे आला की तिचे डोळे मिटत. ते मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं, आणि तोपर्यंत चार गोल झाले होते. तरी आम्ही पदक घेऊनच परतलो. कांस्य. बारा प्रमाणपत्रं, सोनेरी किनारीची.

स्टँडपासून मिरवणूक निघाली. प्राचार्यांनी मला पराभवाचं वाक्य काढून टाकायला सांगितलं. त्या जागी मी विजयाच्या सवयीबद्दल लिहिलं. मूल्यांकन समितीनं पदक हातात घेऊन पाहिलं. नव्या मुली परीक्षेच्या आत निघून गेल्या, त्यांच्या मागून हेड कोचही गेला. त्याला दुसरीकडे मोठा पिरॅमिड मिळाला होता.

पुढच्या भरतीत ती एका मार्कानं राहिली.

या गोष्टीला दीड वर्ष झाल्यावर माझ्या नावानं एक सरकारी पत्र आलं. पदक मिळवलेल्या बारा जणींपैकी एकीनं खेळाडूच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि प्रमाणपत्र पडताळणीत नामंजूर झालं होतं. ती स्पर्धा अटीत बसत नव्हती. मी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की मला हलकं वाटतंय.

आमची जुनी गोलरक्षक मला त्याच महिन्यात स्टँडवर भेटली. आता ती राळेगावला झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि पहाटे रस्त्यावर पळते. भरतीच्या वयाची अजून काही वर्षं आहेत. मी घाईघाईनं पत्राचं सांगितलं. "म्हणजे बघ, तुझं नाव यादीत असतं तरी त्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नव्हता."

तिनं ऐकून घेतलं. आवाजात टोमणा नव्हता.

"मंग आता तुमाले बरं वाटत असन, सर."

गाडी लागली होती. कंडक्टर तोच. दारात तिला पाहून म्हणाला, "काठी कुठं हाय वं?"

"जमा केली, काका."

मी पावतीबद्दल विचार करत उभा राहिलो. त्या अकरा जणींना मी ती दिली नव्हती.

मैदानाच्या भिंतीवरचा फ्लेक्स अजून आहे. उन्हानं प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला आहे, अक्षरं तेवढी शाबूत आहेत: "राज्यस्तरीय लॅक्रॉस स्पर्धेत तृतीय क्रमांक पटकावून महाविद्यालयाची मान उंचावणाऱ्या रणरागिणींचे हार्दिक अभिनंदन." मजकूर माझाच आहे. क्रमांकही बरोबर आहे. स्पर्धेला तीन संघ आले होते.