एक घोट दूध

केशराची फुलं पहाटे खुडून आणायची आणि ऊन चढायच्या आत त्यांच्या पोटातले लाल धागे वेगळे करायचे. शरदात हेरातच्या त्या गल्लीत घरोघरी हेच काम चाले. मापरीच्या अंगणात चादरीवर जांभळा ढीग पडलेला असे, आणि ढिगाच्या एका बाजूला मापरी, दुसऱ्या बाजूला शेजारची शकेबा. दोघींची बोटं सारखीच पिवळी.

हे सारखेपण मापरीला मनातून सुखावत असे. शकेबा पूर्वी मुलींच्या शाळेत शिकवायची. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून मापरीच्या दारावरून जायची, आणि मापरी हातातला झाडू थांबवून तिच्या टाचांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहायची. मग मोठ्या मुलींच्या शाळेला कुलूप लागलं. सगळी गल्ली हळहळली, मापरीही हळहळली. पण त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

"हुस्नाचे दिवस भरलेत," शकेबा फुलांकडे बघतच म्हणाली. हुस्ना तिची एकुलती एक मुलगी, डोंगरापलीकडे कला-ए-नौ गावात दिलेली. "पहिलटकरीण. घरात सासू नाही. मला बोलावतेय."

"मग जा की."

"कुणाबरोबर? गाडीतळावर गेले होते काल. ड्रायव्हर म्हणाला, खाला, बरोबर महरम कोण, घरचा पुरुष? म्हटलं, नवरा वारला, भाऊ नाही, मुलगा नाही. आणि मी काय आता तरुण आहे? तर म्हणतो, म्हातारी झालीस तरी बाईच ना. चौकीवर माझी गाडी अडकवतील."

मापरीनं एक फूल उलगडलं. पुढचं वाक्य काय येणार हे तिला कळून चुकलं होतं. बरीच वर्षं ती त्या वाक्याची वाट बघत होती, जशी माणसं दुखण्याची वाट बघतात.

"सबूर माझं दूध प्यालाय," शकेबा म्हणाली. "म्हणजे तो मला मुलगाच. मुल्लासाहेब चौकीसाठी चिठ्ठी द्यायला तयार आहेत. तुझ्या सासऱ्यांनी साक्ष दिलीय. एक पुरुष आणि दोन बायका, अशी साक्ष लागते. एक बाई मी. दुसरी तू."

"बघू," मापरी म्हणाली.

सबूर मापरीचा मुलगा. तो झाला तेव्हा मापरीला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. हुस्ना तेव्हा तान्ही होती. शकेबा भिंतीपलीकडून यायची, काही न बोलता मूल उचलायची आणि भिंतीला टेकून बसायची. मापरी अंथरुणात पडून छताची लाकडं बघत असे आणि तो आवाज ऐकत असे. गटागटा पिण्याचा आवाज. मूल हावरट होतं. पिताना शकेबाच्या वेणीचं टोक मुठीत धरून ठेवायचं. ताप उतरला, मापरी उठली, मूल तिच्या मांडीवर आलं आणि तिची वेणी चाचपून रडायला लागलं. ते रडणं मापरीच्या कानातून कधी गेलं नाही.

पुढंही तसंच. पडला की शकेबाकडं. अक्षरं शिकायला शकेबाकडं. आणि आई म्हणून हाक दोघींना एकच, नना. आता तो मोटारसायकली दुरुस्त करायचा, दाढी राखून होता. पण विचारात पडला की अजून कुठल्यातरी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत बसायचा. मापरीला ते दिसलं की ती उठून आत जायची.

त्या संध्याकाळी तो पागोट्याचं टोक असंच गुंडाळत म्हणाला, "नने, मुल्लासाहेबांकडं जाऊन येशील ना? मी दुकानातून सुट्टी काढलीय."

"विचारायच्या आधीच काढलीस?"

"यात विचारायचं काय? सगळ्या गल्लीला माहीतय."

"गल्लीला माहीतय, मग गल्लीच जाऊ दे साक्षीला."

कोपऱ्यातून बाबा गफूर, तिचे सासरे, ओरडले, "काय म्हणतेय ती?" त्यांना कमी ऐकू यायचं.

"जाते म्हणतेय, बाबा," सबूर म्हणाला आणि हसला. "तुला काय वाटतंय ते कळतं मला, नने. पण तिकडं हुस्ना एकटीय. माझी बहीण ती."

बहीण. म्हणजे ते घर आख्खंच त्याचं होतं. मापरीनं चहाचे पेले उचलले.

रात्री तिला मार्ग सुचला. खोटं बोलायला ती भीत होती, देवासमोर खोटं नको. पण लग्नानंतरची, सबूरच्या आधीची काही वर्षं ती इराणात मशहदला निर्वासित म्हणून राहिली होती. तिथल्या शेजारणी सांगायच्या, पंधरा वेळा पोटभर पाजल्याशिवाय दुधाचं नातं लागत नाही. मग झालं तर. नाकारायचं काहीच नाही. फक्त थोडं कमी सांगायचं.

मुल्लासाहेबांच्या ओसरीवर पडदा लावलेला होता. पडद्याच्या अलीकडे दोघी जणी, पलीकडे मुल्लासाहेब आणि बाबा गफूर.

"मापरी बीबी," पलीकडून आवाज आला, "एका बाईची साक्ष अर्धी. तुझं अर्धं मिळालं तर पुरं होईल. या बाईनं तुझ्या मुलाला पाजलं?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या अर्ध्या शब्दावर कुणाचं काही अडलं होतं. तेही शाळेत शिकवणाऱ्या बाईचं. मापरीनं ही घटका जरा लांबवली. शेजारी शकेबाचा श्वास ऐकू येत होता. तिची पिवळी बोटं मांडीवर एकमेकांत अडकली होती.

"पाजलं," मापरी म्हणाली. "एकदा. मी तापात होते. पोर रडत होतं म्हणून घेतलं तिनं. एक घोट प्यालं असेल, फार तर. लगेच तोंड फिरवलं त्यानं."

शकेबानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. ते बघणं मापरीला चपराकीसारखं लागलं, तरी तिनं नजर पडद्यावरून हलवली नाही.

"घोट पोटात गेला का?"

"गेला असेल. पण एकच. त्यानं काय नातं लागतंय? पंधरा वेळा लागतं ना, पोटभर?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मशहदच्या बायका म्हणायच्या."

"ते त्यांच्याकडं, शियांकडं," मुल्लासाहेब म्हणाले. आवाजात थोडं हसू होतं. "आपल्या सुन्नी मजहबात एक घोट पुरतो, बीबी. घशाखाली उतरला की ती आई झाली. बरं केलंस स्पष्ट सांगितलंस. एवढं नेमकं कुणी सांगत नाही."

"काय म्हणाली ती?" बाबा गफूरांनी विचारलं.

"हो म्हणाली."

घरी परतताना शकेबा दोन पावलं मागं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "एक घोट, मापरी?"

"तुझं काम झालं ना?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सबूर शकेबाचं गाठोडं खांद्यावर टाकून निघाला. मापरीनं त्याच्यापुरतीच भाकर आणि उकडलेली अंडी बांधली होती. ती दारात उभी राहिली. शकेबाच्या टाचांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पूर्वीसारखाच. फक्त आता त्याच्याबरोबर आणखी एक आवाज होता, आणि तो मापरीच्या पोटचा होता.

त्या दिवशी ढिगाच्या पलीकडे कुणी नव्हतं. फुलं ऊन खाऊन मलूल व्हायला लागली. मापरीचे हात चालेनात. सारखी ती चौकी डोळ्यांपुढं यायची. खिडकीतून वाकलेलं कुणीतरी. मागच्या सीटवर बुरख्यातली बाई.

सबूर परतला तेव्हा हुस्नाला मुलगी झाली होती. शकेबा चाळीस दिवस तिथंच राहणार होती, मग तो पुन्हा आणायला जाणार होता. हे सगळं तो जेवता जेवता सांगत होता. मापरीनं ऐकून घेतलं.

"चौकीवर काय विचारलं?"

"काय विचारणार? ही कोण, म्हणाले."

"मग?"

"मग काय. चिठ्ठी दाखवली."

"तोंडानं काय म्हणालास?"

सबूरनं घास थांबवला. "म्हटलं, आई आहे माझी."

मापरी उठली. चूल आधीच पेटलेली होती, तरी तिनं ती पुन्हा फुंकली. मग पाठमोरीच म्हणाली, "आणायला जाशील तेव्हा मलाही ने."

"तुला? कला-ए-नौला? थंडी किती असते तिकडं. काय करणार येऊन?"

"तिथवर नको."

"मग कुठवर?"

"चौकीपर्यंत," मापरी म्हणाली.