अक्कांचा चेहरा आणि भट्टीची माती

कस्टम्सच्या ऑफिसात मातीकाकांचं टेबल जिन्याखाली होतं. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून काका सहसा बसूनच असायचे. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आतून लिंपायला बोटीने माती येते, भयंकर आच सोसणारी. कर लावताना ती कुठल्या सदरात घालायची हे ठरवणं त्यांचं काम. खाणीतली कच्ची माती असेल तर कर थोडा; तीत सिमेंटसारखं काही मिसळून तयार मिश्रण केलं असेल तर भरपूर. साहजिकच बोटीतून उतरणारी प्रत्येक माती कागदोपत्री कच्चीच असायची.

काकांचा कागदांवर विश्वास नव्हता. नमुना पाण्यात कालवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पाण्यात टाकायचा. विरघळला तर कच्ची माती, ढिम्म राहिला तर मिश्रण. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माणूस निवृत्त व्हायचा. पण काकांचे गोळे ऑफिसात टिकत नसत. झाडूवाल्या बाईंना ते कचरा वाटत, आणि दिसायला ते तसेच होते. पुरावा केरात गेल्यामुळे काकांचे दोन निर्णय अपिलात उलटले होते.

"आणखी एक उलटला," मोठे साहेब शांतपणे म्हणाले होते, "की तुम्ही जप्त मालाच्या गोदामात."

त्या गोदामाला खिडकी नव्हती. तिथे गेलेला माणूस पुढे उंदरांशी बोलू लागतो, असं सगळे सांगत.

म्हणून नव्या मालाचा थोडा नमुना काकांनी रविवारी गुपचूप घरी आणला, ओट्यावर वाटीत कालवला आणि ते दाढी करायला सलूनमध्ये गेले.

घरात त्यांची थोरली बहीण, अक्का, राहायच्या. भाऊ निवृत्तीला टेकला तरी अजून शेंबडाच आहे, अशी त्यांची ठाम समजूत. त्या संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणी जमणार होत्या, आणि त्यांतली एक अजूनही तरुण दिसायची, हे अक्कांचं जुनं दुखणं. वाटीतला करडा, मऊ लेप पाहून त्यांना वाटलं, भावजयीने तोंडाला लावायला काहीतरी महागाचं आणलंय. त्यांनी तो तोंडभर थापला आणि त्या निवांत आडव्या झाल्या. डोळा लागला.

काका परतले तेव्हा वाटी रिकामी होती. अक्का जाग्या झाल्या होत्या, पण ओठ हलत नव्हते. डोळ्यांनी मात्र त्या बरंच काही बोलत होत्या.

काकांनी ओला टॉवेल आणून चोळला. पुन्हा चोळला.

"विरघळत नाही," ते पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, अजिबात विरघळत नाही."

"तुमची बहीण आहे ती," बायको म्हणाली. "हसताय काय? तेल आणा."

तेल चोळून, चमच्याच्या दांड्याने हलकेच उचकटून तो मुखवटा निघाला, जवळजवळ अख्खा, नाकासकट. डावी अर्धी भुवई त्याच्याबरोबर गेली. अक्कांचं पहिलं वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं होतं, "कोण आहे तो, ही माती आणणारा?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे सुनावणी होती. अक्का हट्टाने आल्या. व्यापाऱ्याच्या बाजूने एक एजंट आला होता. कोरलेली मिशी, भरपूर अत्तर. काकांनी टेबलावर पाण्याची बादली ठेवली. तीत रात्रभर भिजूनही मुखवटा टणक होता.

"साहेब, घरी ह्यात काय मिसळलं असेल कोणास ठाऊक," एजंट म्हणाला. "तुमच्यासमोर नवा गोळा केला तरी वाळेपर्यंत कुणीही बदलेल. आमची माती शुद्ध, खाणीतली."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या नाकाला गोदामाचा वास येऊ लागला.

"सीलबंद पुडीत उरलीय ना रे थोडी?" अक्कांनी विचारलं.

"आहे."

"मग कालव. गोळा बदलता येतो म्हणे, तर ह्याच्या तोंडालाच लावू. तोंड कसं बदलेल?"

साहेबांनी फाइल जरा वर धरली. "तुमची काही हरकत?" त्यांनी एजंटाला विचारलं.

"बाई, ही भट्टीला लावायची असते."

"कच्ची मातीच ना? लहानपणी आम्ही मातीतच लोळायचो. बस इकडे बाळा, मिशी जपून लावते."

एजंटाने अक्कांच्या भुवईकडे पाहिलं. म्हणजे, ती जिथे असायला हवी होती तिथे. मग तो बादलीकडे बघत राहिला.

"थोडंफार मिश्रण असूही शकतं," तो म्हणाला. "आम्ही कागद दुरुस्त करून देतो."

एजंट गेल्यावर साहेब काकांना म्हणाले, "तुमचा निर्णय कायम. नमुना घरी नेल्याचं मी ऐकलेलं नाही. पुन्हा मात्र ऐकू येईल."

काका जिन्याखाली जाऊन कारणं लिहायला बसले. नमुना कालवल्यावर कडक झाला. पाण्यात विरघळला नाही. पुढील चाचणीस एजंटाने नकार दिला. अक्का खांद्यावरून वाचत होत्या.

"ह्यात मी कुठे आहे?"

"अक्का, घरचा साक्षीदार चालत नाही."

"घरची भुवई चालते?"

काकांनी डोकं खाजवलं आणि एक वाक्य वाढवलं: चाचणीत थोडे नुकसान झाले.

"थोडे?" अक्का म्हणाल्या.

काकांनी 'थोडे' खोडलं.