वहिनी नेतृत्वात नापास झाली

माझी वहिनी नेतृत्व या विषयात नापास झाली, असं सांगितलं की लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मला तर नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला आहे. तिथल्या सुपरवायझरबाई निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं काम तीच बघते. कोणत्या वॉर्डाच्या चादरी आधी धुवायच्या, कुणाच्या बोटाला फोड आलाय म्हणून तिला इस्त्रीच्या गरम रुळापासून लांब ठेवायचं, दोघींचं भांडण झालं असेल तर त्यांनाच समोरासमोर चादर धरून घड्या घालायला कसं लावायचं, हे सगळं. पण काम तिच्याकडे आणि खुर्ची रिकामी. कारण नवा नियम निघाला होता की सुपरवायझर व्हायचं तर विद्यापीठाचा नेतृत्वाचा अभ्यासक्रम पास पाहिजे. संध्याकाळचे वर्ग, शेवटी लेखी, प्रात्यक्षिक आणि त्यावर तोंडी परीक्षा. वहिनी म्हणाली, करू की. दादाने संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला, मी तिच्या मुलीचा अभ्यास घ्यायला लागले, आणि वहिनी या वयात खांद्याला दप्तर अडकवून निघाली.

उंचीने ती बेताची, आवाज त्याहून बेताचा. पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं की नेता जन्मावाच लागतो. दुसऱ्या आठवड्यात नेत्याच्या गुणांची यादी आली: भारदस्त व्यक्तिमत्त्व, खणखणीत आवाज, रोखलेली नजर. ती टेबलाशी बसून मोठ्याने वाचायची आणि मी मशीनवर लोकांचे कपडे शिवता शिवता ऐकायची. मग आलं की नेता जन्मत नाही, परिस्थिती त्याला घडवते. त्यानंतर आलं की खरा नेता तो, जो आपल्या माणसांची सेवा करतो. मी म्हटलं, जन्मला, घडला, सेवेला लागला, आता पुढच्या आठवड्यात निवृत्त होतोय बहुतेक. वहिनी हसली नाही. तिला ते मनापासून आवडत होतं. पोटातून आवाज काढायचा सराव ती न्हाणीघरात करायची, आणि दादा दाराबाहेरून विचारायचा, काही दुखतंय का.

एकदा तिच्याच इस्पितळाचे कारभारी साहेब पाहुणे म्हणून वर्गात बोलायला आले. सूट, मागे पडद्यावर चित्रं, सगळा थाट. नेत्याने परवानगीची वाट बघत बसू नये, म्हणाले. आपल्या माणसांना त्रास होताना दिसला तर पाऊल उचलावं. वहिनीने ते वाक्य उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. चूक झाली ती तिथेच. असली वाक्यं टाळ्या वाजवून वर्गातच सोडून यायची असतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रात्यक्षिक असं होतं की आपल्या कामाच्या ठिकाणच्या माणसांना बरोबर घेऊन एक बदल घडवायचा. तिच्या वर्गात एक टायवाला होता, कुठल्याशा कचेरीतला. त्याने सहकाऱ्यांकडून अंगणात रोपं लावून घेतली आणि फोटो काढले. रोपं केव्हाच वाळली, फोटो मात्र अजून टवटवीत आहेत.

वहिनीने ओल्या चादरींची गाडी घेतली. धुलाईघरात यंत्रातून निघालेल्या चादरी लोखंडी गाडीत भरून, चढाच्या वाटेने, वाळवायच्या खोलीत ढकलत न्याव्या लागतात. ओली चादर किती जड असते ते ज्याने उचलली त्यालाच ठाऊक. गाडीची पुढची चाकं कधीची अडकलेली. वर कितीदा कळवलं, तर उत्तर एकच: बघतो. शेवटी तिथल्या सगळ्यांत वयस्कर बाईच्या कमरेत चढावरच उसण भरली आणि तिला दोघींनी धरून बाकावर निजवलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनीने सगळ्यांना विचारलं, काय करायचं. तिने सांगितलं नाही, विचारलं. बायकांनी ठरवलं की गाडीला हात लावायचा नाही. जिला जेवढं झेपेल तेवढं हातावर न्यायचं.

काम बंद नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे त्यांनी सगळ्यांत आधी हातावर नेऊन वाळवून पोचते केले. मागे पडल्या त्या वॉर्डातल्या चादरी. दोनेक तासांत वरून फोन सुरू झाले, आणि संध्याकाळी ते कारभारी साहेब जन्मात पहिल्यांदा धुलाईघरात उतरले. रस्ता विचारत आले म्हणे. दुसऱ्या दिवशी गाडीला नवी चाकं बसली.

मला वाटलं, पैकीच्या पैकी. कसलं काय. तोंडी परीक्षेच्या आधी प्राध्यापकांनी वहिनीला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, पण कणा विद्यापीठात जमा करून आलेला. परीक्षक म्हणून तेच साहेब येणार होते. सरांनी सुचवलं की चाकं बदलायचं व्यवस्थापनाने आधीच ठरवलं होतं, मी फक्त बायकांना शांत ठेवलं, एवढं म्हणा आणि मोकळ्या व्हा. वहिनी म्हणाली, तसं झालं नाही ना पण.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले होते. खोलीचं दार उघडंच होतं, आत साहेब आणि शेजारी सर, आणि मी बाहेरच्या बाकावर. साहेबांनी चाकांबद्दल विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"तुम्ही म्हणाला असतात, गाडी ढकला, तर त्या बायकांनी ऐकलं असतं?"

"ऐकलं असतं," वहिनी म्हणाली. न्हाणीघरातला आवाज नव्हे, तिचा नेहमीचाच.

"मग तसं सांगितलं का नाही?"

"ऐकलं असतं म्हणूनच."

बाकावर मी ताठ बसले. मग साहेबांनी, बरं, या तुम्ही, असं म्हटलं.

निकाल लागला. टायवाला पहिला. वहिनी लेखीत उत्तम, प्रात्यक्षिकात नापास. शेरा होता: संस्थेशी बांधिलकी कमी. ज्या चाकांवर आज त्यांच्या संस्थेच्या चादरी फिरतात, ती हिने बसवून घेतली, आणि बांधिलकी हिची कमी. वर्गात एक आणि कचेरीत दुसरं बोलणाऱ्या त्या माणसाचा मला इतका संताप आला की हातातला सदरा मी उलटा शिवला.

आठवड्याने प्राध्यापक घरी आले. तोंड पाडून बसले. म्हणाले, खुर्ची अजून भरलेली नाही, पुढच्या सत्रात फक्त प्रात्यक्षिक पुन्हा द्या, या वेळी काहीतरी सौम्य निवडा. पाणी वाचवा वगैरे. भित्तिपत्रकं लावा, मी बघून घेईन.

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, सर, तुम्ही हिला महिनोन्‌महिने पाऊल उचलायला शिकवलंत, आणि उचललं तेव्हा पायावर छडी मारलीत. तुम्हांला नेते नको आहेत, फोटो हवेत. आणि ते साहेब नापास करत होते तेव्हा तुम्ही शेजारच्याच खुर्चीवर बसला होतात. दादाने मला खुणेने गप्प करून पाहिलं. मी गप्प झाले नाही. सरांनी मान खाली घातली, पण मान खाली घातल्याने गुण वाढत नाहीत.

वहिनी चहा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर बसली.

"पुन्हा करावंच लागेल ना, सर?"

सर म्हणाले, नियमच आहे.

"बायका त्याच चालतील?"

चालतील, म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

"मग मी पंखा घेते. इस्त्रीच्या खोलीतली वाफ बाहेर टाकणारा पंखा बंद पडलाय. बायकांना भोवळ येते. कालच आम्ही बसून बोललो."

सरांनी कप खाली ठेवला. "अहो, पण परीक्षक पुन्हा तेच असतील."

"असू देत," वहिनी म्हणाली. "त्यांना आता धुलाईघराचा रस्ता माहीत आहे."